वेगाचा नाही, वाटेचा फरक

"ठरलेला काय शे?" पाहुण्यांनी माझी नक्कल केली. सगळा हॉल हसला.

शिरपूरला कॉलेजात विज्ञान दिन होता. मी शेवटच्या वर्षाला, विषय भौतिकशास्त्र. हायपरसॉनिक क्षेपणास्त्र अडवणं अवघड का, हे मंचावरून सांगताना तोंडून निघून गेलं, "बॅलिस्टिक क्षेपणास्त्राचा मार्ग ठरलेला शे." आमच्या बोलीत 'आहे'ला 'शे' म्हणतात. पाहुणे मोठ्या शहरातले, मोठ्या पदावरचे. म्हणाले, "हायपरसॉनिक म्हणजे जास्त वेग. एवढंच सांग आणि बस."

मी म्हटलं, "सर, वेग बॅलिस्टिकलाही तेवढाच असतो. फरक..."

"आधी भाषा सुधार. मग मिसाईल पाड."

पुन्हा हशा. मी म्हटलं, "सॉरी सर. तुमचंच बरोबर."

मला उत्तर येत होतं. तरी म्हटलं.

शेवटच्या रांगेत माझी आई होती. कापूस वेचणी एक दिवस सोडून आलेली. सगळे हसताहेत म्हणून तीही हसत होती. मान वर करून, कौतुकानं. ते तिचं हसणं मला अजून बघवत नाही.

एसटीत तिनं सगळ्यांच्या हसण्याचं कारण विचारलं, "बठ्ठा का बर हासनात?"

"माले शाबासकी दिनी," मी म्हटलं. खोटं. घरापर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

दुसऱ्या दिवशी वेचणीला तिच्यासोबत गेले. राहवलं नाही. खरं काय ते सगळं सांगितलं. तिनं कापसाची ओटी खाली ठेवली. मग म्हणाली, "तुनं उत्तर काय व्हतं? माले सांग."

मी ढेकूळ उचलून लांब फेकलं. बॅलिस्टिक असं. खूप उंच जातं, म्हणून रडारला लांबूनच दिसतं. कुठे पडेल त्याचा हिशेब लागतो. त्याच्या वाटेवर आपलं क्षेपणास्त्र आधीच पाठवता येतं. हायपरसॉनिक ग्लायडर तसं नाही. रॉकेट त्याला वर नेऊन सोडतं, मग ते हवेतूनच, त्यामानानं खालून येतं. पृथ्वीच्या गोलाईआड असतं, तोवर जमिनीवरच्या रडारला दिसत नाही. आणि येता येता वळतं. अडवायचं कुठे, तेच कळत नाही.

"घार पिल्लावर येस तशी," आई म्हणाली. "मंग तू चुकनीच नही. माफी कसाले मांगी?"



सोमवारी विभागप्रमुखांकडे गेले. ते म्हणाले, "सोड ना. पेपरात पाहुण्यांचंच उत्तर लिही."

"नाही लिहिणार. मला वर्गापुढं परत बोलायचंय."

दहा मिनिटं मिळाली. फळ्यावर दोन्ही मार्ग काढले. मध्येच 'शे' आलं. मागच्या बाकावर कोणी फिसकन हसलं. मी थांबले. ते वाक्य 'शे'सकट पुन्हा म्हटलं आणि पुढं गेले.

लाज गेलेली नाही. आईशी खोटं बोलले, ती लाज माझी आहे, मी बाळगीन. पण बोलीची लाज माझी नाही. ती ज्यांनी दिली, त्यांना परत करणार. तोंडावर, भर हॉलमध्ये.