स्कॉलरशिपचे लपवलेले रकाने

माझ्या मुलीने एका नाट्यविद्यालयातली स्वतः मिळवलेली जागा स्वतःच्या हाताने नाकारली. ती नाकारावी यासाठी लागणारा पुरावा मी तयार केला होता. पुरावा खोटा होता, आणि तो तयार करतानाच मला ते माहीत होतं. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे वाचताना तुम्हाला माझी कीव यायला लागेल, आणि कीव येईल असं सांगण्यात मी तरबेज आहे.

आम्ही डब्लिनच्या पश्चिमेला, ल्यूकनमध्ये राहतो. मी सॉफ्टवेअरमध्ये, बायको हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, आणि एकुलती एक मुलगी. मुलगी इथेच वाढली. तिला मराठी सगळं समजतं, पण बोलते ती आयरिश हेलातल्या इंग्रजीत. इथे तिची वाक्यं मी मराठीत लिहितोय. हेल तुम्ही मनात घाला. शाळेच्या शेवटच्या वर्षाला असताना तिने जाहीर केलं की तिला म्युझिकल थिएटर शिकायचंय. गाणं, नाच आणि अभिनय एकाच वेळी, आणि वर त्याची पदवी.

आमच्या इथल्या मराठी मंडळीत मुलांना दोनच गोष्टी करता येतात: मेडिसिन, आणि मेडिसिन न मिळाल्यास कॉम्प्युटर. त्यामुळे ही बातमी मी बरेच महिने दाबून ठेवली. कोणी विचारलंच तर, "आर्ट्समध्ये काहीतरी बघतेय," असं म्हणायचो, घरातल्या आजारपणाबद्दल बोलताना काढतात त्या आवाजात. शेवटी एका गृहस्थांनी मला एका वाढदिवसाला कोपऱ्यात गाठलं. त्यांच्या मुलाला मेडिसिन मिळालं होतं, आणि ते कोणी विसरलं असेल तर म्हणून ते दर दहा मिनिटांनी आठवण करून देत.

"म्युझिकल थिएटर म्हणजे आपलं संगीत नाटकच ना हो?"

"हो, तसंच काहीसं."

"वा! परंपरा आहे आपली." मग खांद्यावर हात ठेवून, आवाज खाली आणून, "पण पोटापाण्याचं काय?"

परंपरा समोसा संपेपर्यंतही टिकली नाही.

मुलीने दोन ठिकाणी अर्ज केले, एक उत्तर इंग्लंडमध्ये आणि एक अमेरिकेत. इंग्लंडला ती आईबरोबर जाऊन ऑडिशन देऊन आली. परत आली ती गुडघे काळेनिळे करून आणि अखंड बडबडत. तिथल्या शिक्षिकेने तिला गाणं अर्ध्यावर थांबवलं म्हणे, आणि जमिनीवर बसून, आईशी बोलतेयस असं समजून पुन्हा म्हणायला लावलं. "बाबा, दोन वर्षं म्हणतेय ते गाणं. त्यात काय आहे ते मला त्या दिवशी कळलं. मला तिथेच जायचंय." अमेरिकेची ऑडिशन व्हिडिओवर होती. ती आमच्या दिवाणखान्यात झाली. त्यासाठी मी सोफा सरकवला आणि वाळत घातलेल्या कपड्यांचा स्टँड वर नेऊन ठेवला. कलेसाठी मी केलेला तेवढाच त्याग.

मार्चमध्ये दोन्हीकडून होकार आला. इंग्लंडचं पत्र चार ओळींचं: जागा दिली आहे, अमुक तारखेपर्यंत कळवा, फीचा तपशील सोबत. स्कॉलरशिप वगैरे काही नाही. अमेरिकेचं पत्र मात्र जाड कागदावर, सोनेरी शिक्क्याचं. त्यात त्यांना अभिमान वाटत होता, आनंद होत होता, आणि मुलीची गुणवत्ता पाहून ते तिला वर्षाला चोवीस हजार डॉलरची मेरिट स्कॉलरशिप देत होते.

आता 'स्कॉलरशिप' या शब्दाबद्दल सांगायला हवं. माझ्या वयाच्या मराठी माणसाच्या अंगात हा शब्द चौथीत शिरतो आणि पुन्हा बाहेर पडत नाही. चौथीत स्कॉलरशिपला 'बसायचं' असतं. मी नागपुरात बसलो होतो. वर्षभर सकाळचे जादा तास, बुद्धिमत्ता चाचणीची पिवळी पुस्तकं, क्रिकेट बंद. शेजारच्या मुलाला मिळाली, मला नाही. निकालाच्या दिवशी माझे वडील एवढंच म्हणाले, "बसला होतास ना? मग आता ऊठ." त्या स्कॉलरशिपचे पैसे इतके असायचे की वर्षाच्या वह्याही आल्या नसत्या. पण पैसे विचारतो कोण? यादीत नाव लागणं महत्त्वाचं. त्या मुलाची आई पुढे दोन वर्षं आमच्याकडे साखर मागायला आली नाही. पातळीच बदलली होती.

तर पन्नाशीला टेकल्यावर आमच्या घरात स्कॉलरशिप आली, तीही डॉलरमध्ये. मी ती खिशात कशी ठेवणार? गुढीपाडव्याला मंडळाने भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये, श्रीखंड वाढून होत असताना, मी माईक मागून घेतला.

"अमेरिकेत? मेरिट स्कॉलरशिप?" ते मेडिसिनवाले गृहस्थ वाटी घेऊन उठूनच आले.

"चोवीस हजार. दर वर्षी."

"डॉलर?"

"मग काय बोरं?" मी म्हणालो, आणि आसपासचे हसले. त्या हसण्याची किंमत किती पडणार होती हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण खरं सांगायचं तर, माहीत असतं तरी मी थांबलो असतो की नाही, शंकाच आहे.

घरी जाताना गाडीत बायकोने विचारलं, "चोवीस हजार ते देणार. आपण किती द्यायचे?"

"बघतो."

"माईक घ्यायच्या आधी बघायचं असतं रे."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत बघितलं. एक्सेलमध्ये तक्ता केला, दोन कॉलेजांच्या दोन ओळी. फी, त्यातून वजा स्कॉलरशिप, मग खोली, जेवण, विमा, व्हिसा, विमानं. सगळं धरून आपल्या खिशातून खरोखर जाणार तो निव्वळ खर्च. सँडविच संपायच्या आत निकाल लागला. स्कॉलरशिप देणारं कॉलेज, स्कॉलरशिप न देणाऱ्या कॉलेजच्या दुपटीहून महाग होतं.

नागपुरात सीताबर्डीवर एक साडीचं दुकान होतं, तिथे बाराही महिने 'अर्ध्या किमतीत' अशी पाटी असायची. माझी आई पायरीही न चढता म्हणायची, "आधी किंमत दुप्पट लिहितात मेले." ती सातवी शिकलेली. मी इंजिनिअर. अमेरिकेच्या कॉलेजने स्वतःच्याच वेबसाइटवर, हसऱ्या मुलामुलींच्या फोटोंखाली अभिमानाने लिहिलं होतं की आमच्या बहुतेक सगळ्या विद्यार्थ्यांना मेरिट स्कॉलरशिप मिळते. बहुतेक सगळ्यांना! शिवाय मार्क जरा घसरले की ती बंद. म्हणजे यादीत नाव लागलं होतं खरं, पण ती यादी म्हणजे हजेरीपट होता.

सरळ माणूस त्या संध्याकाळी घरी येऊन म्हणाला असता, "मी फसलो, इंग्लंडच ठीक." मी तसं केलं नाही. सत्तर माणसांसमोर माईक घेतला होता.

तक्त्यातला एफ रकाना म्हणजे विमा, व्हिसा आणि विमानं. जी म्हणजे खोलीभाड्याखेरीज राहण्याचा बाकी सगळा खर्च. दोन्ही मी लपवले आणि बेरजेच्या सूत्रातूनही वगळले. डॉलरचा भाव मला सोयीचा असलेल्या जुन्या दिवसाचा घेतला. इंग्लंडच्या ओळीत 'आईवडिलांच्या वर्षातून चार भेटी' असा खर्च घातला. अमेरिकेच्या ओळीत भेटी शून्य. इतक्या लांब कोण जातंय? एवढं केल्यावर दोन्ही आकडे जवळपास सारखे झाले, आणि एकापुढे 'मेरिट' हा शब्द उरला. ती ओळ मी हिरवी केली आणि तक्ता घरच्यांना पाठवला. बायकोच्या शिफ्ट चालू होत्या. ती म्हणाली, "तू केलायस ना, मग बरोबरच असेल." पंधरा वर्षं बिलं मीच बघतो.

इंग्लंडला उत्तर द्यायची मुदत चार दिवसांवर आली तेव्हा मुलगी लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर बसली.

"मला अजून इंग्लंडलाच जावंसं वाटतंय. पण खर्च सारखाच असेल, आणि अमेरिकेचे लोक माझ्यासाठी एवढे पैसे घालत असतील, तर मी वेडेपणा करतेय का? तू सांग. तुझा तक्ता काय म्हणतो?"

इथे मी काहीही म्हणू शकलो असतो. खोकलोही असतो तरी चाललं असतं. मी म्हणालो, "आकडे खोटं बोलत नाहीत, बेटा."

तिने इंग्लंडच्या जागेला नकार कळवणारं बटण दाबलं. "ग्रँड," म्हणाली. या देशात हा शब्द चहा मिळाल्यावरही म्हणतात आणि पाय मोडल्यावरही. मी त्याचा मला हवा तो अर्थ घेतला.

मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी ती अमेरिकेच्या वसतिगृहाचा फॉर्म भरत होती. बिल पाहून चक्रावली आणि ताळा करायला माझा तक्ता उघडून बसली.

"बाबा, ई नंतर एकदम एच कसा आला?"

वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या माणसाने उत्तर दिलं, "अं... फॉरमॅटिंग असेल."

तिने दोन वेळा क्लिक केलं आणि दोन्ही रकाने उघडले. त्यांत सगळे आकडे नीट, दशांशासकट भरलेले होते. ते मी पुसले नव्हते. खोटं करतानाही मी काम व्यवस्थित ठेवतो. तिने ते शेवटपर्यंत वाचले, सूत्र तपासलं, लॅपटॉप आईकडे फिरवला आणि वर निघून गेली. जिन्यावर पाय आपटले असते तर मला बरं वाटलं असतं.

"हे कधी केलंस?" बायकोने विचारलं.

"पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी."

"म्हणजे तिने नाही म्हणायच्या आधी."

"हो."

"ज्यांच्यासमोर माईक घेतलास ना, त्यांच्याकडून आता वर्गणी गोळा कर. पोरीचं वर्ष विकत घ्यायचंय म्हणावं."

सोमवारी मुलीने स्वतः इंग्लंडला फोन केला. पलीकडची बाई फार चांगली होती म्हणे. जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या मुलीला देऊन झाली होती. पुढच्या वर्षी पुन्हा ऑडिशन द्यावी, अवश्य द्यावी, पण एकदा घेतलं म्हणून पुन्हा घेतीलच असं सांगता येत नाही. त्या संध्याकाळी तिने अमेरिकेलाही नकार कळवला. पुढे शाळेची शेवटची परीक्षा दिली आणि एका बुटांच्या दुकानात कामाला लागली.

मेडिसिनवाले गृहस्थ सुपरमार्केटात भेटले. "कधी उडतेय मग अमेरिकेला?"

"जरा व्हिसाचं बघतोय," मी म्हणालो. इतकं होऊनही.

दोन महिने मी माफी सोडून बाकी सगळं केलं. तिची सायकल दुरुस्त केली, गाण्याच्या शिकवणीचे पैसे न विचारता भरले, आंबे कापून वर नेऊन दिले. तिने सगळं घेतलं आणि 'थँक्स' म्हणाली. दुकानातल्या गिऱ्हाइकांनाही ती तशीच म्हणत असणार.

जुलैतल्या एका रविवारी जेवणं झाल्यावर मी भांडी विसळत होतो. ती ताटं पुसून प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत कपाटात, ठेवत होती. मी नळाकडे बघत म्हणालो, "त्या तक्त्यात जरा गडबडच झाली."

"कोणी केली?"

"म्हणजे... झाली."

"आपोआप?"

"ते रकाने दाखवायचे राहून गेले गं. माझ्या लक्षात..."

तिने हातातलं ताट ओट्यावर ठेवलं. "बाबा, आमची अभिनयाची टीचर म्हणते, वाक्यात करणारा नसेल तर स्टेजवर कोणी उभंच नसतं. मला कोणी दिसत नाहीये."

आपल्या भाषेची ही फार मोठी सोय आहे. दूध उतू जातं, काच फुटते, किल्ली हरवते, मुलीचं वर्ष वाया जातं. कोणी काही करत नाही. मी पन्नास वर्षं त्या सोयीत राहत आलोय.

मी नळ बंद केला, हात पुसले आणि तिच्याकडे वळलो.

"मी ते रकाने लपवले. खरा खर्च मला माहीत होता. तू मला विचारलंस, तेव्हा मी तुझ्या तोंडावर खोटं बोललो. लोकांसमोर माझं हसू होऊ नये म्हणून तुझी जागा मी घालवली. मला माफ कर."