सोबतबाई

सोबतबाई कधी दाराकडे पाठ करून बसल्या नाहीत. हॉटेल असो की कोर्टाचा व्हरांडा, आधी दार बघायच्या, मग भिंत, मग बूड टेकायच्या. मी एकदा हसले तर म्हणाल्या, "हास तू. जिला कुणी मारलं न्हाई, तिला दार बघायची काय गरज?" पुन्हा मी हसले नाही, पण दार बघायलाही शिकले नाही.

लातूर जिल्हा तेव्हा नवा होता आणि दुष्काळ त्याच्या आधीपासूनचा. कोर्टात ताज्या रंगाचा वास होता, नळाला पाणी नव्हतं. बाई सरकारी दवाखान्यातून आया म्हणून निवृत्त झालेल्या. मार खाऊन आलेल्या बायका वॉर्डात बऱ्या होतात आणि साक्षीच्या दिवशी शब्द फिरवतात, हे त्यांनी नोकरीभर पाहिलेलं. म्हणून त्या अशा बायकांना तारखेला सोबत करत. कुणी नेमलेलं नव्हतं की विचारलेलं नव्हतं.

मी समाजकार्याची पदवी घेऊन नुकतीच आले होते, गुन्ह्यात पोळलेल्यांचा अभ्यास करायला. हातात चाळीस प्रश्नांचा फॉर्म आणि शहाणपण उतू चाललेलं. बाईंनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला. "हे समदं इचारून झालं की तू जाशील. तिला त्याच गावात ऱ्हायचं हाय, हे कुठं लिव्हलंय ह्यात?" कुठेच लिहिलं नव्हतं.

खेड्यातून लातूरला सकाळी एकच गाडी. मारणारा आणि मार खाल्लेली तिच्यातूनच यायचे, कधी एका बाकावर. लातूरला पोचेपर्यंत अर्धी साक्ष गाडीतच संपलेली असायची. यावर बाईंची युक्ती अशी, की बाईमाणसाने आदल्या दिवशी बाजाराच्या निमित्ताने उलट्या दिशेला मुखेडला जायचं आणि तिथून बाईंबरोबर दुसऱ्या गाडीने लातूर गाठायचं. रात्रीचा मुक्काम लातूरला बाईंकडे. निरोप कधी कागदावर नाही. मुखेडच्या बाजारातली कासारीण गावोगाव बांगड्या भरायला जायची, ती बांगडी चढवता चढवता कानात सांगायची. मला हा सगळा प्रकार फारच जुनाट वाटायचा.

चंद्रकलाची तारीख अचानक अलीकडे आली तेव्हा बाई नांदेडला लेकीच्या बाळंतपणात अडकल्या होत्या. चंद्रकला लातूर-नांदेडच्या सीमेवरच्या गावातल्या बौद्धवाड्यातली. गावात एकाच विहिरीला पाणी उरलेलं, तिथे घागर बुडवली म्हणून विहिरीच्या मालकाच्या भावांनी तिचा हात मोडला होता. कासारणीला गाठायला मला वेळ नव्हता, खरं म्हणजे गरज वाटली नाही. मी सरळ पोस्टाचं कार्ड टाकलं. 'तारीख अलीकडे आली. बाजारच्या दिवशी मुखेडला या. बाई स्टँडवर थांबतील. कुणाला सांगू नका.' हे उघड्या कार्डावर! गावाचं टपाल हॉटेलाच्या बाकड्यावर पडायचं आणि ज्याला वाचता येईल तो मोठ्याने वाचायचा, हे मला ठाऊक असायला हवं होतं.

माझा निरोप मिळताच बाई नांदेडहून परस्पर मुखेडला आल्या, मी तिथे आधीच पोचले होते. कार्डाचं ऐकून त्यांनी पदर खोचला. गाडी आली. चंद्रकला उतरली नाही. दोन माणसं उतरली, विहिरीच्या मालकाचे ते भाऊच, सरळ बाईंपुढे येऊन हात जोडून उभी राहिली. "बाई, कुणाची वाट बघून राहिला? चंद्रकला येत न्हाई आज. तिची पोरगी आमच्या अंगणात खेळून राहिली. हाव, मजेत हाय."

बाई तडक तिथल्या पोलीस ठाण्यात गेल्या. पोरगी खेळते आहे यात गुन्हा कोणता, असं त्यांना विचारण्यात आलं.

दुसऱ्या दिवशी चंद्रकला त्या भावांबरोबरच सकाळच्या गाडीने आली. साक्षीच्या पिंजऱ्यात म्हणाली, "न्हाई साहेब, इहिरीवर पाय घसरला." मग व्हरांड्यात बाईंसमोर येऊन उभी राहिली. "कार्ड कुणी धाडलं?"

मी तोंड उघडलं. बाई म्हणाल्या, "मी."

ती पाठ फिरवून निघून गेली. मी रडायला लागले तशा बाई खेकसल्या, "रडू नको. तुझं नाव फुटलं तर एक बी बाई तुझ्याशी बोलायची न्हाई. तुला अजून लई काम हाय. माझं काय, माझं झालं." मला ते पटलं. सोयीचं होतं ना, लगेच पटलं.

पुढे मी तेच काम केलं. साक्षीदारांसाठी कोर्टात वेगळी खोली मिळवली, भाषणं दिली. प्रत्येक भाषणात बाईंचं नाव घेतलं, कार्डाचं कधी नाही.

बाई गेल्या, त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमाला चंद्रकला आली होती. मागे, चपलांपाशी बसलेली. मी शेजारी बसले. ती म्हणाली, "बाईनं लई केलं मला. पर ते कार्ड... त्यापायी मी पुन्हा त्यांचं तोंड न्हाई बघितलं."

"कार्ड माझं होतं," मी म्हणाले.

तिने समोरच्या फोटोकडे बघितलं. "बाईला ठाव होतं?"

"हो."

"अंथरुणाला खिळल्यावर दोनदा बोलवलं मला. येऊन जा म्हणल्या." तिने मोडून वाकडा जुळलेला हात पदराखाली घेतला. "मी न्हाई गेले."