मिस्त्रींचा अर्धा आटा

"गप!" म्हणून मिस्त्री एक हात वर करायचे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. लालबागच्या त्या गॅरेजात तेवढा वेळ कुणी खोकायचंसुद्धा नाही.

असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीचा असेल. असेल, तर माझा वैताग तुम्हाला कळेल.

बाबांच्या जुन्या गाडीचा, इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर जळला होता आणि तसा आता कुठे मिळत नव्हता. महिनाअखेर गाडी पुन्हा आरटीओत पासिंगला न्यायची होती. नीट चालली नाही तर थेट भंगारात. बाबा प्रभादेवीच्या घरी खिडकीत बसून रोज विचारायचे, "आली का रे गाडी?" शेवटी मी दुसऱ्याच बनावटीचा, लॅपटॉपवरून जुळवायचा कॉम्प्युटर मागवला. जोडणी मिस्त्रींची, लॅपटॉप माझा.

"होतला मरे, होतला," मिस्त्री म्हणाले.

कसलं होतंय! संध्याकाळी मी सगळं जुळवून, इंजिन एका लयीत आणून घरी जायचो. सकाळी बघावं तर गाडी पुन्हा आचके देतेय. दोन आठवडे हेच. डोक्याला नुसता शॉट!

एकदा मात्र त्यांनी मला गार केलं. मी लॅपटॉपशी झटापट करत होतो आणि इंजिन थरथरतच होतं. ते कान लावून म्हणाले, "हय वारो खाता." खरंच, खालच्या रबरी नळीला केसाएवढी चीर होती. मी हात जोडले. ते लाजले आणि मलाच कटिंग पाजला.

पण सकाळचं कोडं सुटेना. एक दिवस लवकर गेलो, तर मिस्त्री वाकून हवेच्या झडपेचा स्क्रू पिळतायत. म्हणजे रोज हेच चाललं होतं! स्क्रू फिरला की नव्या कॉम्प्युटरला वाटायचं, कुणीतरी अ‍ॅक्सिलरेटर दाबलाय. माझी आदल्या दिवसाची सगळी मेहनत पाण्यात.

"मिस्त्री, हात लावू नका म्हणून किती वेळा सांगितलं!"

"अर्धोच आटो फिरवलंय रे. चाळीस वर्सां फिरवतंय."

"आता नाही फिरवायचा!"

"मगे माझी गरज काय?"

"काही नाही!" मी ओरडलो.

बोललो आणि माझी मलाच लाज वाटली. पण माफी काही मागितली नाही. त्यांनी स्क्रू अर्धा आटा मागे घेतला, फडक्याला हात पुसले आणि बाहेर जाऊन उभे राहिले. त्या दिवशी गाडी पहिल्यांदा दिवसभर नीट चालली.

पुढच्या आठवड्यात ती पास झाली. पेढे घेऊन गॅरेजवर गेलो, तर शटर खाली. शेजारच्या मसाल्याच्या गिरणीतल्या मावशी म्हणाल्या, "ते गावाला गेले. हत्यारं भाच्याला देऊन गेले. आता नाही यायचे."

घरी येऊन बाबांना खाली आणलं, गाडीत बसवलं आणि एक फेरी मारली. बाबा लहान पोरासारखे हसत होते.

"काय सुरेख चाललीय रे! मिस्त्रींना दाखवलीस ना? खूश झाले असतील."

"हो," मी म्हटलं, "खूप खूश झाले."