इस्त्रीच्या शर्टातला विद्यार्थी

माझ्या साडूनं मला फसवलं. तासगावच्या बेदाणा बाजारात आजवर जे कुणाला जमलं नाही, ते या माणसानं मला खुर्चीवर बसवून, चहा पाजून, गोड बोलून केलं. आणि तरीही सांगतो, शिकण्याची अशी भूक असलेला दुसरा माणूस अख्ख्या सातारा-सांगलीत शोधून दाखवा.

साडू फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाला आणि गावच्या द्राक्षबागेत रमला. शाळेशी त्याचं कधी पटलं नव्हतं. पण मोबाइलवर व्हिडिओ पॉडकास्ट लागला, दोन माणसं जाड माइक पुढं घेऊन तासन्‌तास बोलू लागली, की हा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून समोर बसतो. एकदा मी हसलो, तर म्हणाला, "आवं पावणं, एवढी शिकल्याली माणसं म्होरं बसल्यात. बनियनवर बसू व्हय?" पाहुणा काही मोलाचं बोलला की हा व्हिडिओ थांबवतो आणि ते करून बघायला उठतो. वेलीच्या मुळांबद्दल एक वाक्य ऐकून त्यानं बागेत कमरेएवढा खड्डा खणला, मुळं कुठवर गेलीत ते डोळ्यांनी पाहिलं आणि मगच पुढचं वाक्य ऐकलं. तासाभराचा कार्यक्रम त्याला महिनाभर पुरतो. माझी मेहुणी म्हणते, "झोपंवरचा कार्यक्रम लावला, तवा ह्येंनी तेबी करून बघितलं. दुपार झाली तरी उठंनात!" बोलणाऱ्याची पारखही त्याच्यापाशी आहे. "ज्यो एकदाबी 'मला म्हाईत न्हाई' म्हणत न्हाई, त्येचं मी फुडं ऐकत न्हाई."

गेल्या हंगामाआधी त्यानं स्वतःचाच पॉडकास्ट काढला. त्याच्या बेदाणा वाळवायच्या शेडमध्ये दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, बांबूला बांधलेला मोबाइल, कॉलरला चिमट्याचा माइक. पहिला पाहुणा मी. आता मी बेदाण्याचा व्यापारी, आणि भाव पाडायची माझी एक विद्या आहे. बेदाणा कितीही गोड असो, तो चावताना मी तोंड असं करतो की शेतकऱ्याला स्वतःच्या मालाची लाज वाटावी. साडूनं नेमकं तेच विचारलं, "एवढा ग्वाड बेदाणा खाऊन त्वांड कडू कसं करता, पावणं?" मध्ये न तोडता माझं बोलणं ऐकणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता. मी फुगलो. तोंड करून दाखवलं. मोबाइलच्या जवळ जाऊन पुन्हा दाखवलं.

तो व्हिडिओ त्यानं बागायतदारांच्या ग्रुपवर टाकला. हंगामात पहिल्याच शेडवर मी बेदाणा चावतोय, तोवर शेतकरी म्हणाला, "शेठ, त्वांड सरळ करा. आमी बघितलंय." त्याची बायको हसता हसता खालीच बसली. मग जिथं जावं तिथं तेच. अख्खा हंगाम मला सरळ भाव सांगून माल घ्यावा लागला.

मी संतापून साडूच्या दारात गाडी घातली. "काढून टाक तो व्हिडिओ! माझा धंदा बुडवलास."

"काढतो की," तो शांतपणे म्हणाला. "पर तुमी सोता बघितलाय का? शेवटपतोर बघा. मग सांगाल तसं करतो."

बघितला. शेवटी त्यानं विचारलं होतं, "ह्ये समदं तुमाला शिकवलं कुणी?" पडद्यावर मी हातातला बेदाणा खाली ठेवला. मग म्हणालो, "कुणी न्हाई. मी हमाल हुतो. व्यापारी माल कसा पारखत्यात ते बघाय मागं हुबा ऱ्हायलो, की हाकलायचे. म्हणायचे, हमालानं माल उचलायचा, बघायचा न्हाई."

साडूनं व्हिडिओतून यातलं काहीच कापलं नव्हतं. खाली कितीतरी लोकांनी लिहिलं होतं, शेठ, माल पारखायचा कसा, ते आम्हाला शिकवा.

"काय करू मग?" साडूनं विचारलं.

"राहू दे," मी म्हणालो.

तोंडाची विद्या गेली; दुसरी शोधीन. साडूशी भांडण मिटलं असं मात्र कुणी समजू नये. पण खरा जाब त्याला विचारायचा नाही. मला हाकलणारे आता जगात नाहीत, म्हणून त्यांच्या पेढ्यांवर आज जे बसलेत, त्यांना विचारतो. नुसतं उभं राहून बघू दिलं असतं, तर तुमचं काय कमी झालं असतं? कुणीतरी सांगा मला.