वायच बघून येऊ

पदर कमरेला खोचायचा, पायांत चपला सरकवायच्या आणि दारातूनच म्हणायचं, "करायचं काही नाही रे, वायच बघून येऊ." आमच्या शेजारच्या बाईंचं हे वाक्य कानावर आलं की आमच्या मांडवीतली जाणती माणसं सावध व्हायची. बाईंबरोबर नुसतं बघायला गेलेला माणूस काम उरकूनच परत यायचा.

बाई प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. यजमान वारल्यावर एकट्याच राहायच्या. शाळा सुटली तरी शिकवायची खोड सुटली नव्हती. काम उद्यावर ढकलणारा माणूस दिसला की त्यांचे डोळे चमकायचे.

कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याची दाढ कित्येक दिवस ठणकत होती. बाई म्हणाल्या, "काढायची नाही हो. डॉक्टरची नवी खुर्ची वरखाली होते म्हणे. वायच बसून या." तो गालात कापूस धरून परत आला. "बाई, फसवलंत," एवढंच कसंबसं बोलला.

"ते राहू दे. खुर्ची कशी होती?"

मीही त्यांच्या तावडीतून सुटलो नाही. वडील गेल्यापासून आमचा माळा आवरायचा राहिला होता. नुसता विचार केला तरी मला जांभया यायच्या. एका रविवारी बाई आल्या. "आवरायचं कोण म्हणतंय? ती पुढची पेटी खाली घे. आत काय आहे ते मला बघायचंय." पेटीत वडिलांचे जुने चष्मे निघाले. दोघांनी एकेक लावून पाहिला. मग पेटीमागची गोणी, गोणीमागचा पंखा... दुपारपर्यंत सगळा माळा अंगणात आला होता आणि बाई खुर्चीत बसून माझ्याच घरचा चहा पीत होत्या.

"कामाला काम म्हटलं की ते अंगावर येतं," त्या म्हणाल्या. "शेजाऱ्याकडे डोकावतो तसं जावं. उंबरा ओलांडला की पुढचं आपोआप होतं."

पण एक उंबरा त्यांनाही ओलांडवत नव्हता. त्यांची थोरली बहीण अंजनवेलला राहायची. यजमानांच्या दिवसांना अक्का आली नाही म्हणून बाई रुसल्या होत्या. राग केव्हाच ओसरला होता. पण फोन आज करू, उद्या करू म्हणता म्हणता वर्षं गेली. मी विषय काढला की म्हणायच्या, "आता इतक्या उशिरा काय बोलायचं?" आणि मला आमसुलाचं सरबत द्यायच्या.

गेल्या हिवाळ्यात मी सकाळीच गाडी त्यांच्या दाराशी लावली. "बाई, अंजनवेलचा किल्ला वायच बघून येऊ. कुणाकडे जायचं नाही."

त्यांनी मला रोखून पाहिलं. "गुरूची विद्या गुरूला काय रे?" पण आत जाऊन पिशवी घेऊन आल्या.

जयगडला गाडी फेरीबोटीत चढवली.  पलीकडचा किनारा येईपर्यंत बाई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत आणि सोडत होत्या. किल्ल्याच्या दरवाजाशी उतरून त्यांनी तटाकडे एकदा पाहिलं. "बघितला. दगड आहेत. चल आता अक्काकडे."

अक्का पडवीत तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर केली. हात सुपातच थांबला.

"काय गो, जेवून आलीस की जेवायचीस?"

बाईंना हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. "दिवसांना आली नाहीस तू."

"नाही आले. तुझं ते कपाळ बघवलं नसतं मला. उद्या जाईन, उद्या जाईन म्हणत बसले, नि मग यायला तोंडच उरलं नाही."

बाई पुढे झाल्या. शेजारी टेकल्या आणि सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला.

जेवणं झाल्यावर मी निघायचं म्हटलं, तेव्हा किल्ला बघायला आलेल्या बाईंच्या पिशवीतून दोन साड्या आणि दात घासायचा ब्रश निघाला. "आठ दिवस राहते," त्या माझ्याकडे न बघताच म्हणाल्या.

आता त्या तिकडेच असतात. मांडवीतल्या घराला कुलूप आहे. बाई म्हटलं की मला आठवते ती दुपार. मी गाडी वळवत होतो आणि अंगणात दोघी बहिणी लहानपणीच्या कुठल्याशा गाईवरून भांडत होत्या. ती तांबडी होती की काळी! दोघी एकदमच बोलत होत्या, एकमेकींचं ऐकत मुळीच नव्हत्या, आणि मी निघालो हे दोघींच्याही लक्षात आलं नाही.