दहा बैठका

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. त्याचा उजवा गुडघा कामातून गेलाय, हे मला माहीत होतं.

आमच्या कारखान्याच्या हॉकी संघात तो बचावाला खेळायचा. सामन्याआधी स्टिकची जुनी टेप सोडून नवी गुंडाळायचा, मग न विचारता शेजारच्याच्या स्टिकलाही. गुडघ्याचं विचारलं की कानडी मिसळत म्हणायचा, "स्वल्प दुखतंय अण्णा. पळालं की सरी होतं, बरं वाटतं."

संघ नव्याने उभारायचा होता. कुणाचा करार ठेवायचा, कुणाला सोडायचं, ते मी ठरवत होतो. त्याचा अनुभव हवा म्हणून यशवंतपूरचा एक क्लब त्याच्या बदल्यात दोन तरुण फॉरवर्ड द्यायला तयार झाला. एवढा मोबदला पुन्हा मिळाला नसता.

त्यांच्या कोचने मैदानावरच विचारलं, "गुडघे ठीक ना?"

"एकदम फिट," मी म्हणालो.

तो शेजारीच उभा होता. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग कोचसमोर हसत दहा बैठका मारल्या. माझं खोटं त्याने त्या गुडघ्यावर पेललं.

नव्या क्लबकडून दुसऱ्याच सामन्यात तो कोसळला. दुखणं लपवलं म्हणून क्लबने करार मोडला. आता त्याला कुठलाच संघ घेत नाही. माझं नाव त्याने कुणाजवळ काढलं नाही. परवा बेळ्ळंदूरला लंगडत समोर आला आणि एवढंच म्हणाला, "आपले नवे फॉरवर्ड गोल मारतात ना, अण्णा?"

दुखणं त्याने नाही, मी लपवलं, असं पत्र मी त्या क्लबला लिहायला हवं. ते अजून लिहिलेलं नाही.