आप्पांच्या पॉइंटांची वाटणी

आप्पांचा गुडघा गेला म्हणून ते गेममध्ये आले. नाहीतर माझ्या वडिलांनी मोबाइलवर पपईचा भाव सोडून दुसरं काही पाहिलं नसतं.

पपईची गाडी भरताना ते फळीवरून घसरले, नंदुरबारला ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं की पावसाळ्यापर्यंत शेतात पाय ठेवायचा नाही. ज्या माणसाने आयुष्यभर चहाच्या आधी मळा पाहिला, तो ओसरीतल्या खाटेवर येऊन पडला आणि त्याने आम्हां मायलेकींचा जीव काढायला सुरुवात केली. फ्रिज सारखा का उघडता, भाजीत मिरची एवढी का, माझ्या स्कूटीचा हॉर्न असा का वाजतो. मी शहाद्याला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. सकाळची बॅच संपवून घरी आले की संध्याकाळच्या बॅचपर्यंत माझा वेळ माझा असतो, आणि तो मी एका ऑनलाइन गेममध्ये घालवते. त्या वेळात मला हॉर्नबद्दल काही ऐकायचं नसतं. शेवटी एका दुपारी वैतागून मी तोच गेम त्यांच्या फोनवर टाकून दिला. निदान गप्प बसतील, एवढाच माझा हिशोब होता.

गेम साधा आहे. आपला एक माणूस असतो. तो जंगलात फिरतो, जनावरं मारतो, गावकऱ्यांची कामं करतो. असं करत त्याची लेव्हल वाढते आणि दर लेव्हलला तीन स्किल पॉइंट मिळतात. ते कुठे खर्च करायचे हे आपण ठरवायचं. एका झाडाच्या चार फांद्या दाखवलेल्या असतात: तलवार, ढाल, बाण आणि उपचार. शहाणा खेळाडू एक फांदी धरतो आणि सगळे पॉइंट तिच्यात ओततो, कारण वरच्या टोकाची खरी ताकद त्याशिवाय उघडतच नाही. मी बाण धरला आहे. हे सगळं मी आप्पांना दोनदा समजावलं, त्यांनी दोन्ही वेळा मान डोलावली.

पहिले तीन पॉइंट आले. त्यांनी एक तलवारीला दिला, एक ढालीला, एक बाणाला. मी कपाळावर हात मारला. पुढच्या लेव्हलला त्यांनी आधी उपचाराला दिला, कारण तो मागच्या वेळी राहिला होता, मग तलवारीला, मग ढालीला. त्याच्या पुढच्या वेळी सुरुवात बाणापासून. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे विहिरीच्या पाण्याची पाळी लावतात तशी पाळी लावून बसले आहेत. कोणाची कधी झाली, कोणाची राहिली, सगळं तोंडपाठ.

"आप्पा, एकच फांदी धरा," मी म्हटलं.

"एकलेच दिधं ते बाकीनास्नी काय करानं?"

"बाकीच्यांना काही करायचं नसतं. ती चित्रं आहेत."

"ऱ्हाऊ दे तू," ते म्हणाले आणि पुढचं जनावर शोधायला लागले.

हे कुठून आलं हे मला कळत होतं. आजोबा गेल्यावर आमच्या घरात वाटणी झाली ती आप्पांनी केली, कारण ते थोरले. आमच्याकडे रीत अशी आहे की जो वाटे पाडतो त्याने सगळ्यात शेवटी उचलायचं. म्हणजे पाडताना हात वाकडा जात नाही. त्यांनी दोन वाटे दोघा काकांसाठी पाडले, एक स्वतःसाठी, आणि चौथा आत्यासाठी. आत्याच्या वाट्यावरून गावात हसू झालं. बहिणी सही करून मोकळ्या होतात, इथे भाऊच खाटेवर बसून तिला निवडायला सांगतोय! मी तेव्हा लहान होते, पण पुढे पारावर कोणी ना कोणी तो विषय काढायचंच. नदीकडचं काळं रान काकांनी आणि आत्याने उचललं. शेवटी उरलेलं मुरमाड बरड आप्पांकडे आलं. त्या बरडातच ते आज पपई काढतात, आणि त्याबद्दल मी त्यांच्या तोंडून कधी चकार शब्द ऐकलेला नाही. मीच कधीमधी चिडते.

तर असा त्यांचा माणूस वाढत गेला. त्याला सगळं थोडं थोडं यायचं आणि धड काहीच यायचं नाही. तरी मी त्यांना माझ्या टीममध्ये घेतलं. टीमचा लीडर इंदूरकडचा एक पोरगा आहे, बाकीचेही तिकडचेच. सगळे हेडफोन लावून बोलत खेळतात. आप्पा पहिल्या दिवशी धुतलेला शर्ट घालून बसले. कोणी दिसत नाही, फक्त आवाज जातो, हे सांगितल्यावरही शर्ट काढला नाही. खेळ सुरू होण्याआधी ते आपल्या हिंदीत प्रत्येकाला विचारायचे की जेवण झालं का, काय होतं, तुमच्याकडे ऊन किती आहे. पोरं त्यांना अंकल म्हणायची आणि खरंच सांगायची. महिनाभरात घरातलं वातावरण बदललं. फ्रिज कोणी किती वेळ उघडा ठेवतंय याच्याशी त्यांना काही देणंघेणं उरलं नाही. जेवण झालं की फोन चार्जिंगवरून काढून ते माझी वाट पाहत बसायचे. गुडघा दुखतो हे सांगायलासुद्धा विसरायचे. मला बरं वाटत होतं, हे कबूल करते.

मग मोठी लढाई आली. डोंगरातला एक राक्षस, त्याला पूर्ण टीमने मिळून मारायचं. त्यासाठी पुढे उभं राहून मार खाणारा एक भक्कम ढालवाला लागतो. आमचा ढालवाला कॉलेजच्या परीक्षेमुळे गेला होता. आप्पांची लेव्हल पुरेशी होती, पण ढालीत चौथा हिस्साच. पहिल्या दोन प्रयत्नांत त्यांचा माणूस राक्षसाच्या एका फटक्यात आडवा झाला आणि त्याच्यामागे आम्ही सगळे.

लीडर चांगला पोरगा आहे, अदबीने बोलला. "अंकल, एक रीसेट फ्री मिलता है. सारे पॉइंट वापस आ जाएँगे, सब ढाल में डाल दो. संडे तक कर लो, नहीं तो मुझे किसी और को लेना पड़ेगा."

आप्पांनी हेडफोन काढून ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"दिधं ते दिधं. आते वापस कसं लेवानं?"

मला राग आला. एवढ्या दिवसांनी माणसात आलेला हा माणूस परत खाटेवर पडून भिंतीकडे पाहणार, तेही चार चित्रांसाठी. मी म्हटलं, "आप्पा, ते भाऊबहीण नाहीत तुमचे. टीममधून काढतील तुम्हाला."

"बाणना काय गुन्हा शे? उपचारना काय गुन्हा शे? त्यास्ना हातमायीन काढी लेवानं?"

"मग बसा घरी," मी म्हटलं आणि क्लासला निघून गेले. रस्ताभर मी मनात त्यांच्याशी भांडत होते, आणि खरं सांगायचं तर ते भांडण गेमचं नव्हतं. बरडाचं होतं.

शनिवारी ते खेळले नाहीत. धुतलेला शर्टही नाही. संध्याकाळी आईला म्हणाले की पपईला पाणी कमी पडतंय असं वाटतं, गडी नीट लक्ष देत नाही, मी काठी घेऊन जाऊन येतो. आईने काठी उचलून आत नेऊन ठेवली. ती आमच्या गेमबद्दल दोघं बापलेक येडे झाले यापलीकडे कधी काही म्हणाली नव्हती. पण आमचं बोलणं तिच्या कानावर पडत असणारच. लसूण सोलता सोलता ती त्यांना म्हणाली, "चारीस्ले देनारा उभा ऱ्हावाले जोयजे ना? तो ते पहिला फटकामाच आडवा पडस."

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. मग जेवले आणि झोपले.

रविवारी दुपारी मी पाहिलं तर ते खाटेवर शर्ट घालून बसले होते. टीम जमली होती. त्यांनी मला शेजारी बसवलं आणि रीसेट कुठे असतं ते विचारलं. मी दाखवलं, दाबलं मात्र त्यांनीच. गेमने विचारलं की नक्की का, तेव्हा त्यांनीच परत दाबलं.

चारही फांद्या एकदम काळ्या झाल्या. आणि वरच्या कोपऱ्यात, जिथे त्यांच्या फोनवर कायम शून्य असायचं, तिथे सगळे पॉइंट एका जागी येऊन बसले. पहिल्या दिवसापासून मिळवलेले सगळे. मिळाल्या मिळाल्या वाटून टाकायची सवय, त्यामुळे त्यांनी तीनच्या वर आकडा कधी पाहिलाच नव्हता.

आप्पांनी चष्मा वर केला, फोन जवळ धरला, लांब धरला.

"इतला व्हतात मन्हा जोडे?"

मी म्हटलं, "हो आप्पा, एवढे तुमच्याजवळ होते. तुम्हनाच शेतस." या लेव्हलला प्रत्येकाकडे तेवढेच असतात हे मी बोलले नाही. हेडफोनमध्ये सगळे ऐकत होते.

"अंकल, हो गया? ढाल में डाल दो, शुरू करते हैं," लीडर म्हणाला.

आप्पांनी माइक बंद केला. मला म्हणाले, "तू जाय. त्या वाट देखी ऱ्हायनात."

"आणि तुम्ही? ढाल भरा की. एका मिनिटाचं काम आहे."

"आज ऱ्हाऊ दे. आजना दिन मन्हा जोडेच ऱ्हाऊ दे."

मी लीडरला सांगितलं की अंकल आज येणार नाहीत, आणि मीही नाही. तो जरा कुरकुरला, मग त्याने आमच्या जागी दुसरे दोघं घेतले. आईने चहा आणून ठेवला. आप्पांनी तो घेतला नाही. फोनची स्क्रीन थोड्या थोड्या वेळाने अंधारून यायची, तशी ते तिला हळूच बोट लावून परत उजेडात आणायचे आणि तो आकडा पाहत राहायचे.